दुकान खाली, बिऱ्हाड वर: चिपळूणची बाजारपेठ सोडून हायवेकडे जावं का?

अकरावी_पायरी
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदा धागा काढतोय, सांभाळून घ्या.

आमचं घर चिपळूणच्या जुन्या पेठेत. खाली दुकान, मागे माजघर आणि विहीर, वर दोन खोल्या आणि माळा. पणजोबांपासून तेच. २००५ च्या जुलैत पाणी आलं तेव्हा जिन्याच्या सहाव्या पायरीपर्यंत आलं होतं, आजोबांनी तिथे खिळ्याने रेघ मारून ठेवली होती आणि आम्ही पोरं आल्यागेल्याला ती रेघ दाखवायचो, जसं काही आम्हीच मोठा पराक्रम केलाय. मग २२ जुलै २०२१. पहाटे पाणी शिरलं आणि दुपारपर्यंत अकरावी पायरी गेली. आमच्या जिन्याला पायऱ्याच बारा. आम्ही सात जण आणि शेजारच्या काकू वरच्या खोलीत, लाईट नाही, फोन नाही, खाली फ्रीज तरंगत भिंतीवर आपटतोय त्याचा आवाज रात्रभर. (कोळकेवाडी धरणाचं पाणी की पाऊस की भरती, हा वाद इथे नको प्लीज, त्यावर आधीच भांडून झालंय.)

आता भाऊ म्हणतो कापसाळच्या बाजूला मुंबई-गोवा हायवेला फ्लॅट घेऊ, दुकान खालीच राहू दे, सकाळी स्कूटरने यायचं रात्री जायचं. बाबा म्हणतात गावातलं वाचनालय १८६४ चं, दोनदा बुडलं, पुस्तकांचा लगदा झाला, ते गेलं का कुठे? मग मी कशाला जाऊ. यावर आमच्याकडे कोणाला उत्तर सुचत नाही.

पण मला खरं विचारायचंय ते वेगळंच. आमच्या आळीत एकोणीस घरं. या पाडव्याला मी सहज गुढ्या मोजल्या, सात. बाकीच्यांची दुकानं चालू आहेत हां, सकाळी दहाला शटर वर, रात्री साडेआठला खाली, की सगळ्या गाड्या हायवेकडे. नऊनंतर आळीत फक्त आम्ही आणि कुत्री. तुमच्या गावात पण असं होतंय का? आणि जे गेलेत त्यांना कसं वाटतंय, खरं सांगा.

चौपदरी_कधी
पहिला मी. जा रे बाबा, विचारतोस काय. अकरा पायऱ्या पाणी बघून पण धागा काढावा लागतो म्हणजे कमाल आहे.

मांडवी
रत्नागिरीत तर पूर न येताच हे झालंय. आमचं लहानपण राम आळीत गेलं, तेव्हा मारुती मंदिर म्हणजे गावाबाहेर, संध्याकाळी तिथवर चालत जाऊन आलं की फिरून आलो म्हणायचे. मग साळवी स्टॉप आला, मग रेल्वे स्टेशन कुवारबावला झालं, मिरजोळ्याला एमआयडीसी होतीच, आणि आता लोकं कारवांची वाडीला प्लॉट बघतायत. थिबा पॅलेसच्या आजूबाजूला आम्ही गुरं चरताना बघितलीत, तिकडे आता पार्किंगवरून भांडणं. गंमत म्हणजे राम आळीत गर्दी अजून आहे, दिवाळीला पाय ठेवायला जागा नसते. फक्त ती गर्दी रात्री घरी जाते आणि ते घर तिथे नसतं.

माका_काय
आमच्या कुडाळात पण तसाच झाला हा. बाजारातली घरा बंद आनि हायवेक लागान बिल्डिंगाच बिल्डिंगा. माझो मामा थय ऱ्हवाक गेलो, तिसऱ्या माळ्यार. आता खिडकीतसून माड दिसता पण नारळ वाण्याकडसून इकत हाडता 😀

अर्जुनाकाठ
मुळात आपल्या पेठा एवढ्या खाली का बसल्यात ते आधी बघा. राजापूर, खेड, चिपळूण, महाड, सगळी गावं खाडी जिथवर आत येते आणि जिथून घाटाची वाट सुटते त्या सांध्यावर. माल गलबताने यायचा, तुमच्याकडे गोवळकोटच्या बंदरात, आमच्याकडे राजापूरच्या बंदरात, आणि तिथून बैलांवर लादून घाटावर. राजापुरात इंग्रजांची वखार होती आणि १६६१ मध्ये महाराजांनी राजापूर मारलं, म्हणजे तेव्हा मारण्यासारखं काहीतरी होतं इथे. त्या काळात पाण्याजवळ घर म्हणजे धंद्याजवळ घर. वर माळावर कोण राहणार, तिथे ना पाणी ना गिऱ्हाईक.

आता खाड्या गाळाने भरल्या, गलबतं गेली, बोट गेली, माल ट्रकने येतो आणि ट्रक वरच्या रस्त्याने येतो. आमच्या जवाहर चौकात अर्जुना आणि कोदवली नद्यांचं पाणी पावसाळ्यात ठरलेलं, दुकानदार भोंगा वाजला की माल माळ्यावर चढवतात, पिढ्यान्‌पिढ्या सवय आहे. पण जी सवय धंद्यासाठी केली तो धंदाच वर गेला तर नुसती सवय ठेवून काय करायचं? रेल्वे तर आणखीनच लांब, राजापूर रोड नाव वाचून उतरलेला पाहुणा अजून आम्हाला शिव्या देतो.

थोडक्यात काय, तेव्हा लोकं बंदराच्या मागे आली, आता रस्त्याच्या मागे चाललीत.

न्यूजर्सीचा_नारू
इंटरेस्टिंग धागा. इकडे अमेरिकेत हे सगळं सत्तर वर्षांपूर्वी होऊन गेलंय. युद्धावरून परतलेल्यांना स्वस्त कर्ज, १९४७ ला न्यूयॉर्कजवळ लेव्हिटटाउन नावाची एकसारख्या घरांची अख्खी वसाहत, १९५६ ला हायवेचा कायदा, आणि मध्यमवर्ग गाडीत बसून शहराबाहेर. पण त्यात काळी बाजू अशी की लेव्हिटटाउनची घरं फक्त गोऱ्यांना विकायची अशी करारातच अट होती, काळ्या वस्त्यांना कर्ज मिळायचं नाही. मागे शहरात उरले ते ज्यांना जाता आलं नाही ते. मग कर कमी, शाळा खराब, अजून लोकं जाणार. तुमच्या पेठेत मागे कोण राहिलंय ते बघा, मग कळेल काय चाललंय.

चौपदरी_कधी
नारूशेठ, तुमचा हायवेचा कायदा १९५६ चा. आमचा हायवे पूर्वी १७ नंबर होता आता ६६ नंबर झाला, नंबर बदलून झाला पण चौपदरी व्हायचं काम २०११ पासून चालूच आहे. तुमच्यासारखी वसाहत व्हायला आधी रस्ता तर होऊ दे.

बाकी मागे कोण राहतं हा प्रश्न बरोबर आहे.

अकरावी_पायरी
मागे कोण? आमच्या आळीपुरतं सांगतो. आम्ही, दोन म्हाताऱ्या ज्यांची मुलं पुण्याला, एक भाडेकरू कुटुंब जुन्या भाड्यावर, आणि तीन खोल्यांमध्ये उत्तर प्रदेशातली मुलं, सुतारकाम आणि पीओपी करतात. हायवेच्या बिल्डिंगांचं काम हीच पोरं करतात आणि झोपायला आमच्या पेठेत येतात. आत्ता टाईप करताना लक्षात आलं हे.

शिरगणती
थोडे आकडे टाकतो, कारण सगळे समजतायत गाव वाढतंय. २००१ ते २०११ या दहा वर्षांत महाराष्ट्रात लोकसंख्या घटलेले जिल्हे तीनच. मुंबई शहर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग. मुंबई शहर ३३.३८ लाखांवरून ३०.८५ लाख, आणि त्याच वेळी शेजारचं मुंबई उपनगर ८६.४० वरून ९३.५७ लाख. म्हणजे तिथला हिशोब निदान दिसतो, कुलाबा ते शीव कमी झाले, बांद्र्याच्या पुढे वाढले. रत्नागिरी १६.९७ लाखांवरून १६.१५, सिंधुदुर्ग ८.६९ वरून ८.५०. आमची माणसं तालुक्याच्या उपनगरात नाही, थेट मुंबई-ठाण्याच्या उपनगरात गेली. हजार पुरुषांमागे ११२२ बायका हा रत्नागिरीचा २०११ चा आकडा, त्यावरून कोण गेलं तेही कळतं.

मग प्रश्न असा की जिल्ह्यात माणूस कमी होत असताना हायवेला एवढ्या बिल्डिंगा कोणासाठी? आहे तीच माणसं इकडून उठून तिकडे बसतायत. गाव वाढत नाहीये, सरकतंय.

दहा_बाय_बारा
शिरगणती, कोणासाठी ते मी सांगतो, आमच्यासाठी.

आजोबा गुहागर तालुक्यातले, लालबागला गिरणीत. दहा बाय बाराची खोली, त्यात घरचे सहा आणि गावाहून आलेले दोन-तीन पोटमाळ्यावर. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा आजोबा म्हणाले महिन्याभराचं काम आहे. तो संप कोणी मागे घेतलाच नाही, नुसता विरून गेला. वडील तेव्हा नुकते एका ऑफिसात लागले होते, त्यांच्या पगारावर दोन वर्षं काढली. खोली पागडीची, भाडं इतकं कमी की मालक छप्पराकडे बघायचा पण नाही. भाडं १९४७ च्या कायद्याने गोठवलेलं, आम्हाला बरं आणि इमारतीला वाईट. शेवटी पागडी घेऊन खोली सोडली आणि डोंबिवलीला वन रूम किचन. आजी म्हणायची संडास घरात आला पण घर वनवासात गेलं. वडील पुढची वीस वर्षं केस कापायला लालबागलाच जायचे. डोंबिवलीत न्हावी नव्हते असं नाही.

हे सगळं लिहिण्याचं कारण, तेच वडील आता रिटायर झालेत आणि चिपळूणच्या हायवेला फ्लॅट बघतायत. गुहागरचं घर पडलंय, वाटणी झालेली नाही, डॉक्टर जवळ हवा, स्टेशन जवळ हवं. म्हणजे आजोबा गावातून मुंबईच्या पोटात गेले, वडील पोटातून शेपटीला आले आणि आता शेपटीवरून गावाच्या वेशीपर्यंत. गावात मात्र कोणीच जात नाहीये. तुम्ही पेठेतून वर येणार आणि आम्ही मुंबईतून, एकाच बिल्डिंगमध्ये लिफ्टला भेटू.

ओटीवरून
मी गेलेय वर. २०२२ च्या मार्गशीर्षात. म्हणून खरं सांगते, कोणी मनाला लावून घेऊ नका.

आमचं दुकान अजून पेठेत आहे, नवरा आणि दीर जातात. पहिले सहा महिने मी इतकी खूश होते की विचारू नका, भिंतीला ओल नाही, जून आला की पोटात गोळा नाही, वारा नुसता भन्नाट. खाली असताना आकाश काळं झालं की मी कपड्यांची ट्रंक माळ्यावर टाकायचे, ते बंद झालं हेच मोठं.

पण खाली मी दिवसभरात पाच वेळा बाहेर पडायचे. भाजी, पिठाची गिरणी, देऊळ, टेलर, मुलाला शाळेतून आणायचं, सगळं पायी आणि चपला घातल्या की निघाले असं. इथे चपला घालून जायचं कुठे, खाली उतरलं की हायवे. दूध संपलं तरी स्कूटर लागते आणि ट्रक असा अंगावर येतो की छाती धडधडते. मी त्रेचाळिसाव्या वर्षी स्कूटी शिकले (दोनदा पडले). पण सासूबाईंचं काय? त्या खाली ओटीवर बसायच्या. नुसत्या बसायच्या, पण त्यांना सगळी बातमी असायची, कोणाकडे पाहुणे, कोणाचं ठरलं, कोण आजारी. इथे बाल्कनीत खुर्ची टाकून बसतात आणि समोर कंटेनर मोजतात. एक दिवस मला म्हणाल्या, काल एकशेचाळीस गेले. मी हसले आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडले.

आता त्यांना दर मंगळवारी आणि शनिवारी नवऱ्यासोबत दुकानात पाठवतो. गल्ल्याशेजारी बसतात, गिऱ्हाईकाला चुकीचा भाव सांगतात, पण रात्री नीट जेवतात.

परत जाऊ का? नाही. २०२१ ची ती रात्र माझ्या मुलाने बघितलीय, तो अजून पावसात झोपेतून उठतो. पण मग हे सुख आहे असंही कोणी म्हणू नये.

मांडवी
ताई, काय लिहिलंय. कंटेनर मोजण्यावर थांबलो.

शटर_डाऊन
भावनिक होण्यात अर्थ नाही. विका जुनं घर आणि मोकळे व्हा. पैसे एफडीत टाका.

अकरावी_पायरी
@शटर_डाऊन, कोणाला विकू? प्रॉपर्टी कार्डावर चौदा नावं आहेत, त्यातल्या दोन आत्या वारल्या, एक चुलतकाका बडोद्याला, त्यांचा मुलगा फोन उचलत नाही. आणि पूररेषा आल्यापासून गिऱ्हाईक पहिला प्रश्न हाच विचारतं, निळ्याच्या आत का बाहेर.

चिरेबंदी
पूररेषेचा विषय निघालाच आहे तर, मी याच कामात असतो. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदाची. नदीपासून निळ्यापर्यंत निषिद्ध क्षेत्र, निळ्या ते लाल नियंत्रित. चिपळूणची जुनी वस्ती यात एवढी आली की रेषांवरून गावात गदारोळ झाला आणि लोकांनी गाळ काढण्यासाठी साखळी उपोषण केलं, ते सगळ्यांना माहितीये. लोकांचं म्हणणं साधं होतं, नदीतला गाळ तुम्ही काढला नाही आणि रेषा आमच्या घरावर मारता.

पण म्हणून वर गेलात की सुटलात असं नाही, हे लिहायलाच आलोय. वर प्लॉट किंवा फ्लॅट बघताना तीन-चार गोष्टी बघा आणि त्या भर पावसात जाऊन बघा, मार्चमध्ये सगळे प्लॉट सुंदर दिसतात. डोंगर कापून सपाटी केलीय का? वर कडक जांभा दिसतो म्हणून लोकं निश्चिंत असतात, पण जांभ्याखाली पुष्कळ ठिकाणी मऊ शेडू माती असते, पाणी जांभ्यातून झिरपून तिथे साठतं, आणि पायथा कापला की वरचं सगळं त्या ओल्या मातीवरून घसरायला मोकळं. मागच्या कटिंगला रिटेनिंग वॉल आहे का आणि त्या भिंतीला पाणी जायला भोकं ठेवलीत का ते बोटाने मोजा, मी गंमत करत नाहीये. प्लॉटवरून जुना पऱ्या (ओढा) जात होता का ते शेजारच्या वाडीतल्या म्हाताऱ्याला विचारा, नकाशात बुजवलेला पऱ्या पावसात परत येतो. पाणी बोअरचं असेल तर एप्रिल-मेचं विचारा, जांभा चाळणीसारखा असतो, चार हजार मिलीमीटर पाऊस पडून पण मे महिन्यात टँकर. आणि सेप्टिक टँक विहिरीच्या वरच्या अंगाला नको.

कागद: जमीन एनए म्हणजे बिगरशेती असल्याचा कागद, मंजूर नकाशा, आणि रेरा (बिल्डरच्या प्रकल्पाची सरकारी नोंदणी) नंबर. आपल्याकडे एक पळवाट आहे, ५०० चौरस मीटरपर्यंतची जागा किंवा आठपर्यंत फ्लॅट असले तर रेराची नोंदणी लागत नाही. हायवेला आठ-आठ फ्लॅटच्या बिल्डिंगा एवढ्या का आहेत ते आता कळलं असेल.

महाडकर_सावित्री
चिरेबंदींच्या वरच्या मुद्द्याला. त्याच २२ जुलैला आमच्या महाडची पेठ पाण्याखाली होती, आणि त्याच दिवशी आमच्या तालुक्यातल्या तळियेवर दरड आली, ऐंशीच्या वर माणसं गेली. खेडच्या पोसऱ्यात सतरा. खाली पाणी, वर माती. मी एवढंच लिहितो.

माजी_सदस्य
मी हायवेलगतच्या एका ग्रामपंचायतीत पाच वर्षं सदस्य होतो, कुठली ते विचारू नका. आमची बाजू पण ऐका. गावाची वस्ती होती वाड्यावाड्यांची, नळपाणी योजना त्या हिशोबाने. मग बिल्डिंगा आल्या. शहरातले लोकं घरपट्टी कमी म्हणून येतात आणि पहिल्या महिन्यात अर्ज देतात की कचरागाडी का येत नाही, गटार का नाही, दिवा का नाही. अहो नगरपरिषद नाहीये ही, आमच्याकडे एक शिपाई आणि एक पाण्याचा माणूस, तोच मोटर चालू करतो तोच कळशीवरून भांडणं सोडवतो. ओला कचरा एक बिल्डिंग वर्षभर मागच्या पऱ्यात टाकत होती, पावसात तो सगळा खालच्या वाडीच्या विहिरीवर. वाडीवाले म्हणाले, पूर आला तुमच्याकडे आणि घाण आली आमच्याकडे. खोटं काय त्यात?

मतदानाला मात्र हे लोकं शहरातच, नाव तिकडे. ग्रामसभेला बोलावलं तर म्हणतात आम्हाला इथलं काही माहिती नाही.

चौपदरी_कधी
तिकडून गेले पण इकडे आले नाहीत म्हणा. त्रिशंकू.

दहा_बाय_बारा
डोंबिवली पण एकेकाळी हेच होतं हो. वडील सांगतात त्यांच्या सोसायटीला पहिली काही वर्षं टँकर आणि रस्त्यात गुडघाभर चिखल, स्टेशनवर येताना चप्पल पिशवीत आणि बूट हातात. मग हळूहळू झालं. पण तिथे लोकल होती. १८५३ पासून ठाण्यापर्यंत रूळ टाकलेले होते, त्याच्या जोरावर माणूस किती लांब जाऊन राहील ते ठरलं. इथे शेवटची एसटी चुकली की संपलं.

अर्जुनाकाठ
अकरावी_पायरी, मग काय ठरलं ते सांगा. एवढ्या लोकांनी वेळ घालवलाय 😀

अकरावी_पायरी
सगळ्यांना मनापासून धन्यवाद, विशेषतः ओटीवरून ताई आणि चिरेबंदी. चिरेबंदींचं वाचून आम्ही गेल्या रविवारी मुसळधार पावसात साईट बघायला गेलो. भावाने पसंत केलेल्या बिल्डिंगच्या मागे कटिंग आहे, भिंत आहे, भिंतीला भोकं आहेत आणि सगळी सिमेंटने बुजवलेली. तिथल्या माणसाला विचारलं तर म्हणे ओलीचे डाग पडतात म्हणून गिऱ्हाईकांनी तक्रार केली. तो फ्लॅट कॅन्सल.

सध्या असं केलंय की दुसरीकडे, स्टेशनच्या रस्त्याला, एक फ्लॅट अकरा महिन्यांच्या भाडेकरारावर घेतलाय. जून ते सप्टेंबर आई, बाबा आणि मुलं तिकडे झोपायला. मी आणि भाऊ आलटून पालटून खाली दुकानाच्या वर. ऑक्टोबरात सगळे परत पेठेत, पुढचं पुढे. बाबा तयार झाले ते आम्ही समजावलं म्हणून नाही. ताईंची कंटेनरची गोष्ट मी त्यांना वाचून दाखवली, मला वाटलं आता तर नक्कीच नाही म्हणतील, तर म्हणाले मग मी पण शनिवारी येईन ना दुकानात. मी म्हटलं बाबा, तुम्ही रोज या.

आता एकच राहिलंय आणि त्यावरून घरात दोन दिवस चालू आहे. गणपती त्याच चार महिन्यांत येतो. आई म्हणते मूर्ती नेहमीच्या जागी, माजघरातच. भाऊ म्हणतो पाऊस लागला तर रात्री बाराला गणपती घेऊन जिना चढायचा का. फ्लॅटवर आणायचा म्हटलं तर मंडपी (गणपतीच्या डोक्यावर टांगतो ती फळंपानं बांधलेली चौकट) टांगायची कशाला, तिकडे सगळं पीओपीचं सीलिंग, एक हूक नाही. नारळ, कवंडळं, सुपारीचे घोस सगळं मिळून वजन किती होतं ते तुम्हाला माहितीये. आमच्या आळीतला पीओपीवाला मुलगा म्हणतो, भैया वो तो गिर जाएगा.

कोणी फ्लॅटमध्ये मंडपी बांधली असेल तर कशी बांधली ते सांगा. फोटो असला तर उत्तम.

ओटीवरून
आम्ही लाकडी चार पायांची चौकट करून घेतली सुताराकडून, जमिनीवर उभी राहते, वर मंडपी. पाय काढता येतात. फोटो रात्री टाकते, आत्ता सासूबाईंना दुकानातून आणायला चाललेय.